सिल्कसाँग: नऊ धाग्यांचा हिशेब

गुरुवार, 4 सप्टेंबर 2025. अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आली होती. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीच्या मंडपात संध्याकाळची आरती चालली होती, माझे हात टाळांवर आणि डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. आपल्याकडे साडेसातला 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा व्हिडिओ गेम विक्रीला येणार होता. मंत्रपुष्पांजली झाली, खिरापत हातावर घेतली आणि मी माडीवर पळाले. लॅपटॉप उघडला तर ऑनलाईन दुकानाचं पानच उघडेना. जगभरातली माणसं त्याच मिनिटाला त्याच दारात उभी होती, आणि एकाच नाही, कितीतरी दुकानांची दारं त्या गर्दीनं अडकली होती. पावणेनऊला एकदाचा माझा नंबर लागला. तोवर आईनं खालून दोन हाका मारलेल्या. "काय करालीस गं वर? आमटी गार होतीया." जेवून आले, गेम उतरेपर्यंत साडेदहा वाजले, आणि त्या रात्री दीडपर्यंत मी जागेवरून हलले नाही. पत्र्यावर पाऊस चालूच होता.

तेव्हापासून आजवर 83 तास झालेत. सकाळी उद्यमबागला एका फौंड्रीत हिशेब लिहायचे, संध्याकाळी स्कूटीवरून अनगोळमार्गे घरी, रात्री तासभर हा गेम. एवढ्या तासांनंतर लिहिते आहे, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर अर्धं रागाचं आणि अर्धं कौतुकाचं झालं असतं.

हा प्रकार ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. याला मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात. 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' हे 1986 सालचे दोन जपानी गेम, त्यांची नावं जोडून हा शब्द झाला. बाजूनं दिसणारं जग, उड्या मारायच्या, लढायचं, पण टप्पे नाहीत. सगळं मिळून एकच मोठं जग. सुरुवातीला त्यातलं थोडंच उघडं असतं. एखादा कठडा तुमच्या उडीपेक्षा वीतभर उंच असतो आणि तुम्ही तिथून मान वर करून परत फिरता. दहा तासांनी भिंतीला धरून चढायची विद्या मिळते, आणि मिळाल्या मिळाल्या आठवतं: अरे, तो कठडा! ते आठवणं हाच या प्रकारातला आनंद. वडगावात नवीन राहायला आलेल्याला आधी फक्त मोठा रस्ता कळतो. मग हळूहळू कळतं की अमक्या बोळातून शिरलं की मंगाई देवळाच्या मागं निघता येतं. मंगाईच्या जत्रेत मोठा रस्ता माणसांनी भरला की तो बोळच कामाला येतो. गेमनं नेमकी हीच ओळख बांधून दिली आहे.

बनवणारी माणसं ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची, टीम चेरी. एरी गिब्सन, विल्यम पेलन, जॅक व्हाइन हे तिघं, आणि संगीत ख्रिस्टोफर लार्किनचं. 2017 साली त्यांचा 'हॉलो नाइट' आला. त्यात हॉर्नेट नावाची लाल झग्यातली, सुई घेऊन लढणारी एक मुलगी होती. तिला घेऊन पहिल्या गेमला एक छोटी जोड द्यायची, एवढंच आधी ठरलं होतं. ती जोड वाढत गेली, फेब्रुवारी 2019 मध्ये स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झाली आणि साडेसहा वर्षांनी हातात पडली. एवढा वेळ का लागला असं विचारल्यावर, काम करताना मजा येत होती, असं त्यांनी सांगितलं. खेळताना ते पटतं. कोपऱ्या-कोपऱ्यात कुणीतरी निवांत बसून काहीतरी ठेवून गेलंय.

हॉर्नेटला पिंजऱ्यात घालून एका परक्या राज्यात नेत असतात, पिंजरा फुटतो आणि ती खोल खाली पडते. राज्याचं नाव फारलूम. लूम म्हणजे माग. तिची जात विणकरांची, ताकद रेशमाची, हत्यार सुई. आणि मी वडगावच्या विणकराची मुलगी. आमच्या घरात खालच्या सोप्यात एके काळी चार माग होते, मी शाळेत असताना दोन राहिले. शहापूर, वडगाव, खासबागमध्ये साडीच्या मागांचा आवाज ऐकत वाढलेल्या कुणालाही हा गेम माझ्यासारखाच जवळचा वाटेल अशी माझी खात्री आहे. नावापुरतं रेशीम घेतलं असतं तर मी त्याबद्दल दोन ओळी लिहून पुढं गेले असते. पण या गेमचा अख्खा हिशेबच धाग्यावर चालतो.

तो हिशेब असा. हॉर्नेटकडं सुरुवातीला पाच मुखवटे, म्हणजे पाच घाव सोसायची ताकद. वर एक रीळ, त्यात रेशमाचे नऊ धागे मावतात. शत्रूवर सुईचा एक वार बसला की रिळावर एक धागा चढतो. नऊच्या नऊ भरले की ते सगळे खर्चून ती स्वतःला बांधून घेते आणि तीन मुखवटे परत मिळतात. आठ असतील तर काही नाही. पण त्याच धाग्यांतून भालाही मारता येतो, सिल्कस्पिअर म्हणतात त्याला, आणि त्याला चार धागे लागतात. म्हणजे समोरच्याचा जीव थोडासाच उरलाय असं वाटून तुम्ही भाला मारला, तर हातात पाच उरले. आता मलमपट्टी करायची तर आणखी चार वार करायला हवेत, आणि प्रत्येक वारासाठी त्याच्या जवळ जायला हवं. बांधून घेत असताना मध्येच घाव बसला की रेशीमही गेलं.

मी लहानपणी शाळेतून आले की कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या, भरायला बसायची. कांडीवर सूत किती उरलंय ते न बघता, नुसत्या धोट्याच्या आवाजावरून आप्पांना, माझ्या वडिलांना, कळायचं. माझ्या हाताला ते कधी जमलं नाही, पण या गेममध्ये साधारण पंधराव्या तासाला तसंच काहीतरी झालं. रिळाकडं बघायचं मी सोडून दिलं. किती वार बसले ते हातच मोजायला लागला. लढता लढता सातव्या वाराला मी आपोआप मागं सरकायला आणि मोकळी जागा शोधायला लागले. कुणी शिकवलं नाही, पडद्यावर कुठं सूचना आली नाही. शंभरदा मरून ते हातात उतरलं.

आप्पांना डोळ्यांनी आता नीट दिसत नाही, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तरी रात्री ते माडीवर येऊन खुर्चीवर बसतात. गेम इंग्रजीत आहे, दहा भाषा आहेत त्यात, पण आपल्या देशातली एकही नाही. मग पडद्यावरचं बोलणं मी मोठ्यानं मराठीत सांगते. त्यातून एक गंमत झाली. इंग्रजीत वाचताना मी घाईनं बटण दाबून पुढं जायची, आप्पांना सांगायचं म्हणून प्रत्येक वाक्य वाचायला लागले आणि गेम दुप्पट मोठा झाला.

शेर्मा म्हणून एक इवलासा किडा आहे. फारलूममध्ये सगळीकडून यात्रेकरू वरच्या सिटाडेलकडं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या पवित्र नगरीकडं चढत असतात. हा शेर्मा एका बंद दारासमोर उभा राहून गात असतो. त्याची श्रद्धा अशी की आपलं गाणं खरं असेल तर दार उघडेल. तुम्ही लांबून वळसा घालून पलीकडच्या बाजूनं जाता, कळ ओढता, दार उघडतं, आणि त्याला वाटतं गाण्यानंच उघडलं. हॉर्नेट त्याला खरं सांगत बसत नाही. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या दिंडीतला दिसतोय." आमच्याकडून पंढरीला दिंडी जाते, तीत आप्पा अकरा वर्षं चालले. पुढं शेर्मा जिथं जिथं भेटला तिथं त्यांनी मला थांबायला लावलं. त्याचं पुढं काय होतं ते सांगत नाही, पण त्याला विसरून पुढं जाऊ नका.

आता नकाशाबद्दल, कारण भटकण्याचा सगळा रंग त्यावर आहे. नव्या प्रदेशात शिरता तेव्हा नकाशा कोरा असतो. शाक्रा नावाची एक योद्धी नकाशे विकते. ती कुठं बसलीय ते सांगणारी खूण पडद्यावर येत नाही. आधी जमिनीत किंवा भिंतीत रुतलेली तिची कडी दिसतात. मग तिचं गाणं ऐकू येतं, आवाज एका बाजूला मोठा होत जातो, आणि तुम्ही त्या आवाजाच्या मागं मागं जाता. नकाशा घेतला तरी तो कच्चाच. लेखणी वेगळी विकत घ्यायची, आणि फिरून आलेला भाग नकाशावर उतरायला बाकावर येऊन बसायचं; वाटेत असे विसाव्याचे बाक असतात, तिथं बसलं की खेळ जतन होतो. म्हणजे अर्धा तास तुम्ही खरोखर हरवलेले असता. डावीकडं लाल फुलं होती, त्याच्या वर घंटा टांगलेली, तिथून खाली उडी मारली होती, असं मनात घोकत चालायचं. मोबाईलवर निळा ठिपका बघून चालायची सवय लागल्यावर हे पहिले काही तास जड जातं. मला आता तेच सगळ्यात आवडतं. शेलवुड, ग्रेमूर, डीप डॉक्स या जागा मी डोळे मिटून चालू शकते. किती गेमबद्दल असं म्हणता येतं?

फार फील्ड्स नावाच्या भागात एक शिवणकाम करणारी बाई बसलेली आहे. ती तुम्हाला तिथल्या प्राण्यांचे काटे गोळा करून आणायला सांगते, आणि त्यांतून हॉर्नेटचा झगा नव्यानं शिवून देते. त्यानंतर झगा पसरून वाऱ्यावर तरंगता येतं, खालून गरम वारा येत असेल तर वर उचललं जातं. इतर गेममध्ये अशी विद्या एखाद्या चमकत्या गोळ्याला हात लावला की मिळते. इथं कुणीतरी बसून ती शिवली. मी आप्पांना दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "कापड नेलंस, मजुरी दिलीस का?" काटे दिले म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

आणि बेलहार्ट. घंटांचं गाव. पहिल्यांदा पोहोचाल तेव्हा गावात एकही आवाज नाही. सगळी माणसं, म्हणजे किडेच, रेशमाच्या दोऱ्यांनी गुंडाळून जागच्या जागी लटकलेली. दुकानदार दुकानात, पोस्टमन वाटेत. मी त्या चौकात नुसती उभी राहिले. धागा म्हणजे पोट भरणारी गोष्ट, असंच मला लहानपणापासून माहीत, आणि इथं त्याच धाग्यानं गाव आवळून ठेवलेलं. वरच्या बाजूला 'विडो' नावाच्या शत्रूशी लढाई होते. ती जिंकून खाली उतरलात की गाव सुटलेलं असतं. घंटा वाजतात, माणसं बोलायला लागतात, चौकात एक फळा असतो त्यावर गावकऱ्यांनी आपापली कामं लिहिलेली असतात. सुईला धार लावून देणारा कारागीरही इथंच, पहिली धार तो फुकट लावतो. 83 तासांत मी या गावी किती वेळा आले असेन ते मोजता यायचं नाही. पुढं तिथं राहायला घरही मिळतं.

त्या लढाईनंतर सुई वाद्यासारखी वाजवता येते. सुईवर तार ताणून हॉर्नेट ती छेडते. कुठल्याही किड्यासमोर उभं राहून वाजवा, त्याच्या मनातलं गाण्यात बाहेर येतं. ही गोष्ट गेम फारशी सांगत नाही, तुम्हीच करून बघायची. मी प्रत्येकासमोर वाजवून बघितलं. वाटेत कोसळलेले, पुढं जाऊ न शकलेले यात्रेकरू काय म्हणतात ते ऐकलंत की सिटाडेलबद्दल तुमचं मत बदलायला लागतं.

कारण ही नगरी भक्तांच्या जिवावर उभी आहे. गेममधलं चलन म्हणजे जपमाळेचे मणी. यात्रेकरूंचे मणी. बसायच्या काही बाकांनासुद्धा मणी मोजावे लागतात. मेलात तर अंगावरचे सगळे मणी तिथंच एका कोशात राहतात, परत जाऊन तो कोश फोडायचा. वाटेत पुन्हा मेलात तर गेले. सुटे मणी माळेत ओवून घेतले तर ते सुरक्षित राहतात, पण ओवून देणारं यंत्र आपला कट कापून घेतं. सूत देणारा व्यापारी आणि साडी उचलणारा व्यापारी एकच असतो तेव्हा हिशेब कसा होतो, ते आमच्या घरानं तीस वर्षं पाहिलंय. मी त्या यंत्रापुढं उभी राहिले की दर वेळी पोटात तोच जुना गोळा यायचा. हे असं लहानसं यंत्र ठेवून अख्ख्या राज्याची व्यवस्था सांगणं, याला मी मोठी कारागिरी म्हणते.

अवघड आहे का? हो, खूप. पहिल्या गेमपेक्षा अवघड. इथं कितीतरी शत्रूंचा एक घाव दोन मुखवटे नेतो, म्हणजे पाच मुखवट्यांत तीन चुका, खेळ खलास. हंटर्स मार्च नावाचा भाग अगदी सुरुवातीला उघडा सापडतो, मी तिथं चुकून शिरले आणि तीन रात्री मुंग्यांच्या फौजेकडून मार खाल्ला. नंतर कळलं की तिथं तेव्हाच जायची सक्तीच नव्हती. परत फिरणं हाही खेळाचाच भाग आहे, हे मला तिथं कळलं. जिथं अडकाल तिथं डोकं आपटू नका, दुसरी वाट धरा. मुखवट्याचे चार तुकडे सापडले की एक मुखवटा वाढतो, रिळाचे दोन तुकडे सापडले की रीळ वाढतं, आणि हे तुकडे भटकणाऱ्यालाच मिळतात. हॉर्नेटचा खाली मारायचा वार सुरुवातीला तिरका जातो, पहिल्या गेमची सवय असलेल्यांचा इथं चिडून जीव जातो. मीही चिडले. पण बळ लावून शिकून घेतला. नंतर सरळ खाली मारता येईल अशी 'वाँडरर'ची शैली सापडली तरी मी तिरक्याकडंच परत आले, कारण तोवर तो माझा झाला होता. तुम्हाला नको असेल तर बदला, त्यासाठीच ती ठेवली आहे.

सिटाडेलच्या दारावरची लास्ट जज मला चार रात्री पुरली. पेटती धूपदाणी साखळीला बांधून फिरवते ती. तिच्यापर्यंत जायची वाट लांब, वारा, वाळूतून उसळणारे प्राणी, प्रत्येक वेळी तेवढं पार करून जायचं. तिसऱ्या रात्री मी जिंकलेच होते, ती कोसळली, मी हातातला कंट्रोलर, म्हणजे खेळायचं बटणांचं यंत्र, खाली ठेवला, आणि तिचा मरता मरता स्फोट झाला त्यात मीही गेले. रागानं दिवा मालवून झोपले. पण चौथ्या रात्री स्फोटाच्या वेळी मी मैदानाच्या कडेला उभी होते. दार उघडलं, आणि आतली ती पांढरी-सोनेरी दालनं, वर घुमणारं समूहगान. रात्रीचा एक वाजलेला. आप्पा खुर्चीतच झोपलेले. मी त्यांना हलवून उठवलं.

आता एका लढाईबद्दल सविस्तर लिहायचं आहे. पुढचं कळू द्यायचं नसेल तर हा एक परिच्छेद सोडा. सिटाडेलच्या पोटात दातेरी चक्रांचा एक भाग आहे, तिथं कॉगवर्क डान्सर्स म्हणून दोन यंत्र-नर्तक आहेत. दोघं ठेक्यावर नाचतात, पदन्यास ठरलेला. कुठून कुठं जाणार ते आधी रेषेनं दिसतं, तुम्ही त्या नाचात तिसरे होऊन शिरायचं. घाई केली की मार बसतो, ठेका धरला की जमतं. प्रत्येक टप्प्याला लय वाढते. शेवटी दोघांतला एक पडतो. मग उरलेला एकटा नाचायला लागतो. हळू, तोच पदन्यास, जोडीदाराची जागा मोकळी सोडून. तो आता लढण्यासारखा उरलेलाच नसतो, चार वारात संपेल. दिवाळीनंतर आप्पांनी दुसरा माग बंद केला होता, सूत परवडेना आणि डोळेही साथ देईनात. तीस वर्षं आमच्या घरात दोन मागांचा आवाज एकमेकांत मिसळून यायचा, एकाची खटक् दुसऱ्याच्या खटक्-मध्ये पडायची. एकच चालायला लागला तेव्हा पहिले काही दिवस आम्हाला कुणाला झोप लागली नव्हती. तो नर्तक एकटा नाचायला लागला तेव्हा मी वार करायची थांबले. आप्पांना ठेका ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, "दुसरा थांबला?" मी हो म्हटलं. आम्ही दोघांनी तो नाच पूर्ण होऊ दिला. मग मी उरलेले वार केले.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. बाइलवॉटर हा दलदलीचा भाग मला अजिबात पटला नाही. पाण्यात अळ्या आहेत, त्या अंगाला चिकटल्या की मलमपट्टी होत नाही. तिथला बाक भिंतीआड लपवलेला, शेवटच्या लढाईपर्यंतची वाट मोठी. बाकीच्या ठिकाणी मेले तेव्हा चूक माझी होती हे मला मान्य होतं, इथं तसं वाटलं नाही. नुसतं दमवलं. पहिल्या काही तासांत मणी फार कमी मिळतात, नकाशा घ्यावा की बाक उघडावा अशी ओढाताण होते, तीही जरा जास्तच. गेम आल्यावर काही दिवसांतच टीम चेरीनं सुरुवातीचे दोन शत्रू, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर, थोडे सौम्य केले आणि मण्यांचं प्रमाणही वाढवलं. मी मूरविंगला त्याआधीच हरवलं होतं. पण त्यांनी केलं ते बरोबर केलं असं माझं मत. माझा भाचा अकरा वर्षांचा आहे, तो खानापूरहून दिवाळीच्या सुट्टीत आला होता, त्याला बेलहार्टपर्यंत पोहोचता आलं ते त्यामुळंच.

घ्यायचा असेल तर काही गोष्टी. फार भारी मशीन लागत नाही. माझा लॅपटॉप जुना, दुसऱ्याकडून घेतलेला आहे, त्यावर नीट चालतो. कीबोर्डवरही खेळता येतो, पण अंगठ्यांना कंट्रोलर बरा पडतो. कंट्रोलर घेताना दुकानात लावून बघून घ्या. मी पहिला घेतला त्याची अंगठ्यानं दिशा वळवायची कांडी महिनाभरात आपोआप डावीकडं सरकायला लागली आणि दुकानदारानं परत घेतला नाही, हॉर्नेट उगीचच खड्ड्यात जायची. लाईट जायची भीती असेल तर बाकावर बसल्याशिवाय उठू नका, आमच्याकडं पावसाळ्यात दोनदा तसं झालं आणि तासाभराचं फिरणं पुन्हा करावं लागलं. किंमत अमेरिकेत 20 डॉलर ठेवली आहे, मोठ्या कंपन्यांचे गेम तिथं 60-70 डॉलरला जातात. साडेसहा वर्षं थांबायला लावून त्यांनी एवढीच मागितली, आणि नंतर आतमध्ये कशालाही पैसे मागत नाहीत. पहिला 'हॉलो नाइट' खेळला नसेल तरी चालतं, गोष्ट समजते. पण वेळ असेल तर आधी तोच खेळा. हॉर्नेट तिथं तुमच्यासमोर सुई रोखून उभी राहते, मग इथं ती सुई तुमच्या हातात येते, त्याची चव वेगळी.

पहिला शेवट मी डिसेंबरात पाहिला. पण तो खरा शेवट नाही, फारलूमभर राहिलेली कामं पुरी केली तर पुढं आणखी एक अख्खा भाग उघडतो, त्यात मी आता आहे. नकाशावर अजून चार जागा कोऱ्या आहेत. त्यांतली एक मॉस ग्रोटोत, अगदी पहिल्या दिवशी जिथं पडले होते तिथून दोन उड्यांवर. तेव्हा तिथं वर काहीतरी हलताना दिसलं होतं आणि पोहोचता आलं नव्हतं. आता पोहोचता येईल. आप्पांचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी आहे, पट्टी सुटेपर्यंत मी तिथं जाणार नाही. ते म्हणालेत, थांब म्हणून.